दुचाकीची कसरत आणि ब्रेकचें शिक्षण

दुचाकी गाड्यांचें जितकें वेड पुणें शहरास आहे तितकें आपल्या देशांतील दुसऱ्या एखाद्या शहरास असेल कीं नाहीं, याची आम्हांस शंकाच वाटते. एके काळीं हें शहर सायकलींचें शहर म्हणून नांवाजलेलें होतें. पुढें १९७२ सालीं आकुर्डीच्या कारखान्यांतून बजाज कंपनीची चेतक स्कूटर बाहेर पडूं लागली, त्याच सुमारास कायनेटिक कंपनीची लूना आली, आणि पाहतां पाहतां सायकलींची जागा या यंत्रांनीं घेतली. चेतक हें नांव राणा प्रतापांच्या घोड्याचें, हें आमच्या बालवाचकांस ठाऊक असेलच. घोडा गेला व त्याचें नांव यंत्रास मिळालें; परंतु घोड्यावर मांड ठोकून चार लोकांदेखत करामत दाखविण्याची जी तरुण मनाची हौस, ती मात्र गेली नाहीं. २००१ सालीं याच कंपनीची पल्सर मोटारसायकल बाजारांत आली आणि त्या हौसेस अधिक बळकट वाहन मिळालें. आतां पुढचें चाक हवेंत उचलून मागील एका चाकावर गाडी नेणें, किंवा उलट पुढील चाकावर गाडी तोलून मागचें चाक उचलणें, या कसरतींचें आकर्षण अगदीं नववी-दहावीच्या वर्गांपर्यंत येऊन पोहोंचलें आहे.

असल्या विषयावर शाळेच्या वार्षिकांत लिहावें काय, असा प्रश्न कोणी करील. परंतु ज्या गोष्टीविषयीं मुलें मधल्या सुट्टींत रोज बोलतात, तिच्याविषयीं वडील माणसांनीं वर्षांतून एकदांहि बोलूं नये, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. वडील माणसें बोलतात तेव्हां तीं बहुधा दोहोंपैकीं एका रीतीनें बोलतात. कांहीं पालक "असलीं थेरं आमच्या घरांत चालणार नाहींत" एवढें बजावून विषय संपवितात. दुसरे कांहीं, आपला मुलगा गाडी कशी झोकांत चालवितो हें पाहुण्यांस कौतुकानें सांगतात, आणि किल्ली मात्र सहज हातीं येईल अशा खुंटीवर टांगून ठेवितात. पहिल्यांचा धाक उंबरठ्याबाहेर टिकत नाहीं, आणि दुसऱ्यांच्या कौतुकाची किंमत एखादे दिवशीं रुग्णालयांत मोजावी लागते. आम्हांस या दोहोंहून निराळें असें कांहीं सांगावयाचें आहे. तें असें कीं, या कसरतीची खरी विद्या गाडी उचलण्यांत नसून ती आवरण्यांत आहे. आणि ही आवरण्याची विद्या केवळ कसरत करणाऱ्यासच नव्हे, तर दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकास रीतसर शिकविली गेली पाहिजे.

प्रथम ही कसरत म्हणजे काय तें पाहूं. मागील चाकावर गाडी नेण्याच्या प्रकारास तरुण मंडळी "व्हीली" म्हणतात. क्लच आणि मूठ यांच्या नेमक्या मेळानें मागील चाकास एकाएकीं जोर दिला म्हणजे पुढचें चाक जमीन सोडतें. येथपर्यंतचा भाग, आम्ही स्पष्टच सांगतों, फारसा कठीण नाहीं. बळकट इंजिन व अविचारी मनगट एवढ्या भांडवलावर तो कोणासहि साधेल. कठीण भाग यानंतर येतो. पुढचें चाक वर वर जाऊं लागलें कीं एक बिंदु असा येतो, जेथें स्वार व गाडी या दोहोंचा मिळून जो गुरुत्वमध्य, तो मागील चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या बरोबर वर येऊन ठेपतो. त्या बिंदूच्या अलीकडे असतांना मूठ सोडली कीं गाडी आपोआप खालीं येते. बिंदु ओलांडला, कीं नुसती मूठ सोडून भागत नाहीं. गाडी मागें कलंडते, स्वार पाठीवर आपटतो, आणि दीडशें किलोंचें यंत्र कोणत्या बाजूस पडेल याचा नेम राहत नाहीं. त्या क्षणीं त्यास वांचविणारी एकच वस्तु असते. ती म्हणजे उजव्या पायाखालचा मागील चाकाचा ब्रेक. त्यावर पायाचा दाब पडतांच मागचें चाक मंदावतें, वरच्या अंगाचा भार मात्र पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहतो, आणि पुढचें चाक जमिनीकडे वळतें.

म्हणून ज्यांनीं ही विद्या नीट संपादन केली आहे ते नवशिक्यास आधीं गाडी उचलावयास शिकवीत नाहींत. पाय ब्रेकवरून हलूं न देण्यास शिकवितात. चाक वीतभर उचलावयाचें व लगेच ब्रेकनें खालीं आणावयाचें, पुन्हां वीतभर उचलावयाचें व पुन्हां खालीं आणावयाचें, हा क्रम शेंकडों वेळां होतो तेव्हां कोठें पायास ती संवय जडते. भीतीच्या क्षणीं मनुष्य विचार करीत बसत नाहीं. पाय संवयीनें जें करील तेंच होतें. शिवाय दाबाचेंहि माप आहे. ब्रेक करकचून दाबला तर वर गेलेलें चाक दणकन् आदळून हातांतील तोल जातो. भीत भीत दाबला तर कलंडणें थांबत नाहीं. पायाच्या चवड्यास हें माप कळूं लागलें म्हणजे मग उजव्या हाताची मूठ गाडीस वर नेते, उजवा पाय तिला खालीं ओढतो, आणि या दोघांच्या ओढाताणींत गाडी त्या तोलाच्या बिंदूपाशीं तरंगत राहते. पाहणाऱ्यास वाटतें कीं स्वार तिला उचलून धरीत आहे. वास्तविक तो तिला सारखा आवरीत असतो.

याचा आणखी एक पुरावा कसरतीच्या गाड्यांच्या रचनेंतच दिसतो. मुरलेले कसरतपटु मागील ब्रेकसाठीं डाव्या मुठीजवळ आणखी एक दांडी बसवून घेतात. कारण गाडी फार उभी झाली किंवा पाय जागचा काढावा लागला तरी ब्रेक आपल्या स्वाधीन असावा. मागील दांतेरी चाक ते मोठें बसवितात. त्यामुळें ओढ वाढते, पण गाडीचा कमाल वेग उलट कमी होतो. जो मुलगा भरधाव वेग म्हणजेच कौशल्य असें समजतो, त्यानें ही गोष्ट लक्ष्यांत घ्यावी. एका चाकावर लहानसें वर्तुळ काढीत फिरणें हा या कलेंतील अत्यंत अवघड प्रकार, आणि तो सायकलीच्या वेगानें केला जातो.

दुसरी कसरत "स्टॉपी" नांवाची. तिचें नांवच थांबण्यावरून पडलें आहे. पुढचा ब्रेक उजव्या हाताच्या बोटांनीं क्रमाक्रमानें घट्ट करीत नेला कीं मागचें चाक जमीन सोडतें व गाडी पुढील चाकावर तोलून राहते. हें कां होतें, तें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस पदार्थविज्ञानाच्या आधारें स्वतः काढतां येईल. गाडी उभी असतांना दोन्ही चाकांवर जवळ जवळ सारखा भार असतो. ब्रेक लागतांच तो भार पुढें सरकतो. आणि गुरुत्वमध्य जितका उंच, चाकांमधलें अंतर जितकें थोडें व वेग जितका झपाट्यानें कमी होत असेल, तितका अधिक सरकतो. गुरुत्वमध्याची उंची चाकांमधील अंतराच्या सुमारें निम्मी धरली, आणि वेग दर सेकंदास सेकंदीं ६ मीटरांनीं कमी होत आहे असें मानलें, तर एकंदर भारापैकीं सुमारें ८० टक्के पुढच्या चाकावर येतो व मागें अवघा २० टक्के उरतो. हेंच मंदन ९.८ मीटरांपर्यंत, म्हणजे गुरुत्वत्वरणाइतकें, वाढलें कीं मागील चाकावरचा भार शून्य होऊन तें उचललें जातें. अर्थात् टायरची पकड तितकी असेल तरच. पुढच्या चाकाखालीं मूठभर वाळू आली तर तें चाक अडकून घसरतें, आणि कसरतीऐवजीं कपाळमोक्ष होतो.

येथें आम्हांस कसरत क्षणभर बाजूस ठेवून घरांतील एका समजुतीविषयीं बोलावेंसें वाटतें. "पुढचा ब्रेक दाबूं नकोस, उलटशील," हा उपदेश आपल्याकडे दुचाकी शिकविणाऱ्या बहुतेक काका-मामांच्या तोंडीं असतो. प्रेमानें केलेला, परंतु घातक असा हा उपदेश आहे. वरील हिशेबावरून उघड आहे कीं गाडी थांबविण्याचें बहुतेक सामर्थ्य पुढच्याच चाकाशीं असतें. मागच्या चाकावर भारच उरत नाहीं, तेथें ब्रेक कितीहि दाबला तरी तें चाक फरफटत जाणार. आंकड्यांत पाहूं. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें ११ मीटर. दोन्ही ब्रेक योग्य रीतीनें दाबून वर मानलेलें ६ मीटरांचें मंदन मिळालें, तर गाडी सुमारें १० मीटरांत थांबते. केवळ मागचा ब्रेक दाबून त्याच्या निम्मेंच मंदन मिळालें, तर २० मीटर लागतात. शिवाय संकट दिसून हात हलेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यांत ११ मीटर आधींच गेलेले असतात. म्हणजे एकजण २१ मीटरांवर थांबतो व दुसरा ३१ मीटरांवर. लक्ष्मी रस्त्यासारख्या रस्त्यावर या १० मीटरांत किती माणसें उभीं असतात, तें वाचकांनीं एकदां मोजून पाहावें. वेग दुप्पट, म्हणजे ८० झाला, तर ब्रेकचें अंतर दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें ४१ मीटर होतें. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. हें सूत्र परीक्षेंत लिहिणारीं मुलें पुष्कळ. परंतु मूठ पिळतांना तें आठवणारा एखादाच.

उलटण्याची भीति अगदींच खोटी आहे असें मात्र नाहीं. पुढचा ब्रेक एकदम कचकन् दाबला, किंवा हँडल वळलेलें असतांना दाबला, कीं गाडी पडते. परंतु यावर उपाय तो ब्रेक सोडून देणें हा नव्हे. तो हळू, सरळ आणि वाढत्या दाबानें दाबावयास शिकणें हा होय. पहिल्या पावसांत रस्त्यावरचें तेल व धूळ एक होऊन जो निसरडा राप बसतो, त्यावर हेंच शिक्षण आणखी नाजूक हातानें करावें लागतें. दर वर्षीं जूनमध्यें आमच्या शहरांत गाड्या घसरून पडणाऱ्यांच्या बातम्या येतात, आणि आपण रस्त्यास व नगरपालिकेस दोष देऊन मोकळे होतों. त्यांचा दोष असतोच, त्याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण हात शिकलेला नसतो, हेंहि तितकेंच खरें.

आवरण्याची विद्या हीच श्रेष्ठ, हा विचार आपल्या लोकांस नवा नाहीं. ज्या विष्णुपंत छत्र्यांनीं १८८० सालीं भारतीय सर्कशीचा पाया घातला, ते मुळांत घोडे शिकविणारे होते. घोडा पळविणें हें कोणासहि येतें, उधळलेला घोडा लगामाच्या एका खुणेसरशीं जागच्या जागीं उभा करील तोच खरा स्वार, असें जुने चाबुकस्वार मानीत. आपल्या शाळांच्या क्रीडामहोत्सवांत सायकलींची मंदगति शर्यत असते, जींत सर्वांच्या मागून येणारा पहिला ठरतो. तिच्याकडे पाहून प्रेक्षक हंसतात. आमच्या मतें दिवसभराच्या शर्यतींत तीच सर्वांत बोधप्रद. पाय जमिनीस न लावतां, ब्रेक व पायडल यांच्या आधारें सायकल जवळ जवळ उभी ठेवणारा मुलगा जें करीत असतो, तेंच मोटारसायकलीवरचा कसरतपटु करीत असतो.

लष्कराकडे पाहिलें तरी हेंच दिसेल. सिग्नल्स दलाचें "डेअर डेव्हिल्स" हें मोटारसायकलस्वारांचें पथक १९३५ पासूनचें आहे. या पथकानें २० जानेवारी २०२५ रोजीं दिल्लीच्या कर्तव्यपथावर ७ मोटारसायकलींवर ४० जवानांचा २०.४ फूट उंचीचा मनोरा रचून, विजय चौकापासून इंडिया गेटपर्यंत दोन किलोमीटर नेला. त्याआधीं १९ नोव्हेंबर २०१७ रोजीं बंगळूरजवळ येलहंका येथें, सेना सेवा दलाच्या "टॉर्नेडोज" पथकानें एकाच मोटारसायकलीवर ५८ जणांस बसवून १२०० मीटर अंतर तोडलें. हीं चित्रें पाहून मुलें टाळ्या पिटतात, व तें योग्यच आहे. पण सात गाड्यांवर चाळीस माणसें उभीं असतांना एका स्वारानें जरी दचकून ब्रेक दाबला, किंवा त्याची मूठ क्षणभर अधिक पिळली गेली, तर मनोऱ्याचें काय होईल याचा विचार कितीजण करितात? त्या सात हातांची करामत वेगांत नाहीं. सर्वांचा वेग तसूभरहि न बदलूं देण्यांत आहे.

मग रस्त्यावर चाक उचलणाऱ्या मुलास आम्ही कसरतपटु कां म्हणत नाहीं? कारण त्यानें विद्येचा अर्धाच भाग घेतला आहे, आणि तोहि सोपा. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यांत पुढचें चाक वर गेलेलें दिसतें. ब्रेकवरचा पाय दिसत नाहीं. तेव्हां जें दिसतें तेंच मुलें उचलतात. शिवाय रस्त्याचा धर्मच निराळा आहे. पटांगणांत चुकणाऱ्याचें मोल चुकणाराच देतो. रस्त्यावर तें भाजी घेऊन घरीं निघालेली एखादी बाई देते. ज्यास ही विद्या खरोखर शिकावयाची आहे त्यास बंदिस्त जागा आहेत व असाव्यात. २८ जानेवारी २०२४ रोजीं आमच्याच शहरांत, बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत, मोटारसायकलींच्या सुपरक्रॉस शर्यती मातीच्या बांधलेल्या मार्गावर झाल्या. हवेंत झेंप घेणाऱ्या त्या गाड्या पाहण्यास लोक जमले, आणि वाटसरू कोणी तेथें नव्हता. साहसास आमचा विरोध नाहीं. त्यास आम्ही जागा मागत आहों.

या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं, व त्यांपैकीं सुमारें ४४ टक्के दुचाकीवरचीं होतीं. पालकांनीं हा आंकडा एकवार सावकाश वाचावा. कायदाहि त्यांस मोकळें सोडीत नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलास २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरांत, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणें १७ वर्षांचा मुलगा चालवीत असलेल्या मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण अभियंते ठार झाले. त्या मुलास प्रथम जामीन देतांना जीं बंधनें घालण्यांत आलीं त्यांत रस्त्यावरील अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणें हेंहि एक होतें, व त्यावरून देशभर गहजब झाला. निबंधाच्या सामर्थ्याविषयीं आम्हां शाळेंतील माणसांचा विश्वास मोठा असतो, पण इतका मोठा नसतो.

आतां एक आक्षेप येईल, आणि तो खरोखरीचा आहे. ब्रेक शिकविलात तर मुलांस धीर येईल, व तीं अधिकच धाडस करतील. हा केवळ भित्र्या माणसाचा तर्क नव्हे. नॉर्वे देशांत निसरड्या रस्त्यावर मोटार सांवरण्याचें शिक्षण १९७९ पासून नव्या चालकांस सक्तीचें झालें. पुढें तपासतां असें आढळलें कीं तरुण पुरुषांचे त्याच प्रकारचे अपघात घटण्याऐवजीं वाढले. गाडी घसरली तरी आपण ती सांवरूं, असा विश्वास त्यांस आला, आणि तो विश्वास त्यांच्या कौशल्याहून मोठा होता. या अनुभवावरून तिकडील शिक्षकांनीं शिकविणें बंद केलें नाहीं. शिकविण्याचा हेतु बदलला. गाडी कशी सांवरावी याऐवजीं ती किती लौकर हातची जाते, हें त्या निसरड्या पटांगणावर दाखविण्याकडे कल वळला. आमचें म्हणणेंहि हेंच आहे. मुलास शाबासकी देऊन ब्रेक शिकवूं नये. फीत घेऊन शिकवावा. "मी येथें थांबेन" असें त्यानें आधीं सांगावें, मग थांबावें, आणि मग त्या दोन जागांमधलें अंतर त्याच्याच देखत मोजावें. आम्हांस असा एकहि मुलगा माहीत नाहीं ज्याचा पहिला अंदाज फितीपुढें टिकला.

दुसरा आक्षेप यंत्राच्या बाजूनें येतो. आतांच्या गाड्या आपण होऊन ब्रेक सांभाळतात, मग शिकावयाचें काय? खरें आहे कीं १ एप्रिल २०१८ पासून नव्या नमुन्याच्या, व १ एप्रिल २०१९ पासून सर्वच नव्या, १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींस चाक अडकूं न देणारी यंत्रणा, जिला एबीएस म्हणतात ती, सक्तीची झाली. आणि लहान गाड्यांस निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची योजना सक्तीची झाली. ही सुधारणा उपकारक आहे यांत संशय नाहीं. परंतु ही यंत्रणा चाक फरफटूं देत नाहीं, एवढेंच तिचें काम. ब्रेक दाबण्याचा निश्चय, त्याची वेळ, आणि तत्पूर्वींचा वेग हीं सर्व स्वारावरच अवलंबून राहतात. ११ मीटरांचा तो पहिला सेकंद कोणतेंहि यंत्र परत देत नाहीं. आणि आमच्या घरोघरीं ज्या जुन्या स्कूटरी मुलांच्या हातीं पडतात, त्यांत ही यंत्रणा नसतेच.

परवान्याच्या परीक्षेविषयीं फार लिहीत नाहीं. बहुतेकांच्या स्मरणांत त्या परीक्षेचा आठचा आंकडा काय तो राहतो. आठ काढतां येणें चांगलेंच. पण रस्त्यावर आठ काढण्याचा प्रसंग क्वचित्, आणि अचानक थांबण्याचा प्रसंग रोज येतो.

कायद्याप्रमाणें १८ वर्षांच्या आंत गिअरची मोटारसायकल चालवितां येत नाहीं. १६ व्या वर्षीं फार तर ५० घनसेंटिमीटरांपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवितां येते. मग शाळेंतील मुलांनीं ब्रेक शिकावा कशावर? उत्तर शाळेच्या सायकलतळावरच उभें आहे. सायकलीसहि पुढचें व मागचें असे दोन ब्रेक असतात. भार पुढें सरकण्याचा, मागचें चाक फरफटण्याचा आणि उचलण्याचा नियम तेथेंहि तोच चालतो. फरक इतकाच कीं तेथें चूक गुडघ्याच्या सालटावर भागते. इयत्ता आठवीपासून दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं एक व पावसाळ्यांत एक, अशा दोन सकाळीं पटांगणावर या कामीं खर्ची पडल्या तर कोणत्याहि विषयाचा अभ्यासक्रम मागें पडणार नाहीं. व्यायामशिक्षक व विज्ञानशिक्षक या दोघांनीं मिळून हें करावें. त्यांस एकमेकांचा सहवास तेवढाच घडेल.

साहित्य थोडेंच लागतें: चुन्याची भुकटी, मोजण्याची फीत, पाण्याच्या दोन बादल्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर शिरस्त्राण. या शेवटच्या वस्तूचें नांव काढतांच पुणेकर मंडळी हंसतील, हें आम्ही जाणून आहों. जानेवारी २०१९ मध्यें पोलिसांनीं हेल्मेटची सक्ति जोरानें सुरू केली तेव्हां तिच्याविरुद्ध मोर्चा निघालेलें हें शहर आहे. सक्तीविषयीं ज्याचें जें मत असेल तें असो. पटांगणावर मात्र उघडें डोकें चालूं देऊं नये.

प्रथम मुलानें सरळ रेषेंत मध्यम वेगानें यावें व चुन्याच्या रेघेवर चाक येतांच केवळ मागचा ब्रेक दाबावा. थांबल्याचें अंतर मोजावें. नंतर बसण्याची जागा किंचित् मागें घेऊन, हात ताठ धरून, दोन्ही ब्रेक वाढत्या दाबानें दाबावेत, व पुन्हां मोजावें. मग त्याच जागीं पाणी टाकून तिसऱ्यांदा. त्यानंतर शिक्षकांनीं अवचित टाळी वाजवावी व टाळी ऐकूं येतांच थांबावें. म्हणजे तो हरवलेला सेकंद मुलांस आपल्या डोळ्यांनीं जमिनीवर पसरलेला दिसेल. ज्यास गति आहे त्यानें शेवटीं मंदगति शर्यतीचा अभ्यास करावा. प्रत्येकानें आपले आंकडे वहींत तारखेसह लिहावेत, आणि पुढील वर्षीं तीच वही घेऊन यावें.

पालकांसहि त्या सकाळीं बोलवावें. ज्या गाडीवरून ते मुलांस शाळेंत सोडतात तीच त्यांनीं त्याच रेघेवर ताशीं २० च्या वेगानें आणून थांबवून पाहावी, मागें मुलास न बसवितां. फीत मुलांनीं धरावी, आणि वडिलांचा आंकडा त्याच वहींत, आपल्या आंकड्याखालीं, लिहून घ्यावा.